आडनाव काय तुझं? मुलांच्या पुस्तकातले खलनायक आणि त्यांचे पूर्वग्रह (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत होतं म्हणून शेवटी हा धागा काढतेय.

हॅरी पॉटरला जादूगारांच्या जगात त्याच्या वयाचा जो पहिला मुलगा भेटतो तो पुढे त्याचा जिवलग मित्र झालेला रॉन नाही, ड्रेको मॅल्फॉय. शाळेचे झगे मिळतात त्या दुकानात. दोघं स्टुलावर उभे, मापं घेणं चाललंय आणि ड्रेको आपला गप्पा मारतोय, आईबाबा कुठे गेलेत, झाडू कसा शाळेत न्यायचा, क्विडिच (झाडूवर बसून खेळतात तो खेळ) खेळतोस का. आणि अगदी त्याच सुरात तो म्हणतो की ज्यांच्या घरात जादू नाही अशा मुलांना शाळेत घ्यायलाच नको, जुन्या घराण्यांपुरतंच ठेवावं सगळं, आणि पाठोपाठ विचारतो, तुझं आडनाव काय?

अकरा वर्षांचा मुलगा आहे हो हा. त्याने अजून काही केलेलं नाही, कुणावर छडी उगारलेली नाही. घरी जेवताना जे ऐकलं ते बोलतोय. पुढच्या पुस्तकांमध्ये जी माणसं मरतात त्या सगळ्याची सुरुवात मला या गप्पांमध्ये दिसते. गोष्टींमधले राक्षस आपण सगळ्यांनीच वाचलेत, ते वाईट का, तर राक्षस म्हणून. इथे वाईटपणाला घर आहे, आईवडील आहेत, आणि मुलावर माया करणारे आईवडील आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकते. खलनायकाचं बालपण कळलं की आपण बिचारा म्हणून मोकळे होतो आणि ज्याला त्याने छळलं तो बाजूलाच राहतो, हे मला अजिबात पटत नाही. त्याचं समजून घ्यावं, जरूर घ्यावं, पण हिशोब मिटला असं नाही. आणि दुसरं म्हणजे ज्यांच्या बाजूने आपण वाचतो त्या चांगल्या माणसांच्यातही हे विष असतं, ते तिथे शोधायला जास्त अवघड जातं.

तर तुम्हाला कुणाचा पूर्वग्रह वाचताना ओळखीचा वाटला? हॅरी पॉटरच पाहिजे असं काही नाही. आणि गोष्ट फुटेल याची काळजी नको, शेवटचं पुस्तक येऊनही जमाना झाला, २००७ ला आलंय.

मन्याड

झग्याच्या दुकानाचं लिहिलंत म्हणून लिहितोय, नाहीतर मी नुसता वाचणारा. मी नांदेड जिल्ह्यातला, बारावीनंतर पुण्यात शिकायला आलो. हॉस्टेलवर नाव सांगितलं की पुढचा प्रश्न, पूर्ण नाव? वडलांच्या नावासकट सांगितलं तर, नाही म्हणजे आडनाव? आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून पटकन काही कळत नाही, मग गाव कुठलं, मग गावात कुठल्या बाजूला घर. ही पोरं वाईट होती असं मी म्हणणार नाही, त्यातल्याच एकाने माझे मेसचे पैसे भरलेत अडचणीच्या वेळी. पण उत्तर मिळेपर्यंत त्यांचं बोलणं अडकून राहायचं आणि मिळालं की एकतर ते गळ्यात हात टाकायचे नाहीतर जरा जास्तच गोड बोलायला लागायचे.

पुस्तकात हॅरी उत्तर देणार तेवढ्यात दुकानाची बाई म्हणते झालं तुझं, आणि तो उतरून जातो. मी हे हॉस्टेलच्या खोलीतच वाचलं. आणि पुढे ट्रेनमध्ये बघा, हा हॅरी पॉटर आहे कळल्यावर तोच ड्रेको स्वतःहून हात पुढे करतो. पोरगा तोच, चष्मा तोच. दुकानात नुसतं चाचपत होता, ट्रेनमध्ये आडनाव कळलं. हॅरी तो हात घेत नाही ते मला फार म्हणजे फार आवडलं होतं.

शेवंती

माझं उत्तर स्लगहॉर्न, हॅरीच्या शाळेतला एक मास्तर. तो काही खलनायक नाही, उलट शेवटच्या लढाईत हिरव्या रेशमी पायजम्यात मुख्य खलनायकाशी, व्होल्डेमॉर्टशी लढतो, म्हणूनच त्याचं नाव घेतेय. सहाव्या पुस्तकात तो हॅरीला सांगतो की तुझी आई माझी लाडकी विद्यार्थिनी, इतकी हुशार की ती मगल, म्हणजे जादू नसलेल्या, घरातली आहे यावर माझा विश्वासच बसेना. हॅरी म्हणतो माझी मैत्रीण पण तशीच आहे आणि वर्गात पहिली आहे, तर हा म्हणतो काय गंमत आहे नाही, होतं असं कधीकधी. आणि वर मी पूर्वग्रह असलेला माणूस नाही बरं का, असंही सांगतो, पुरावा काय तर तुझी आई माझी लाडकी होती!

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आमच्या ऑफिसात मला एका सिनियर मॅडमनी, मनापासून, माझं प्रेझेंटेशन झाल्यावर खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं की तुझ्याकडे बघून, तुझं बोलणं ऐकून अजिबात वाटत नाही गं. काय वाटत नाही ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांनी मला पुढे खूप मदत केली, प्रमोशनच्या वेळी माझ्या बाजूने बोलल्या. मला त्यांच्याबद्दल राग धरता येत नाही आणि ते वाक्य विसरताही येत नाही. ड्रेकोचा राग करणं सोपं असतं. स्लगहॉर्नसारखी माणसं तुमच्यावर खरंच प्रेम करतात, त्यांना आपण कसं सांगायचं की तुमच्या कौतुकातच शिवी आहे. हॅरी तिथल्या तिथे थंडपणे सांगतो की यात गंमत काही नाही. तो अजून सोळाचाही झालेला नाही. मला चाळिशीत जमत नाही, कारण मला त्याच ऑफिसात दुसऱ्या दिवशी जायचं असतं.

खडूफळा

मी शाळेत शिकवते, म्हणून माझं सगळं लक्ष स्नेपवर, हॅरीच्या शाळेतल्या मास्तरवर. लोक त्याच्यावर इतकं प्रेम का करतात ते मला कळतं, शेवटच्या पुस्तकातल्या त्याच्या आठवणी वाचून मीही रडले होते. पण हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिलचं काय? नेव्हिलच्या आईवडलांना छळ करून वेड लागेपर्यंत नेलं, ते हॉस्पिटलमध्ये आहेत, मुलाला ओळखत नाहीत. आणि तिसऱ्या पुस्तकात त्याची सगळ्यात मोठी भीती समोर येते तर ती काय असते, ज्यांनी आईवडलांचं असं केलं ती माणसं नाहीत, स्नेप! स्वतःचा मास्तर. जो त्याच्या बेडकाला त्याचंच बिघडलेलं औषध पाजायची धमकी देतो वर्गासमोर.

माझ्या वर्गात अशी मुलं येतात ज्यांना आधीच्या कुणीतरी बोर्डासमोर उभं करून काहीतरी बोललेलं असतं. उत्तर माहीत असलं तरी हात वर करत नाहीत. त्या आधीच्या शिक्षकाच्या घरी काय दुःख होतं हे मला माहीत नाही, असेलही. मुलाला त्याचा काय उपयोग? स्नेप हॅरीच्या मैत्रिणीचे, हर्मायनीचे, जादूने वाढलेले दात बघून म्हणतो मला काही फरक दिसत नाही, ती रडत पळते, ती पंधराची आहे आणि तो तिशी ओलांडलेला बाप्या. शौर्य आणि क्रूरपणा एकाच माणसात असतात हे मान्य, पण एकाने दुसरं पुसलं जात नाही.

अर्धाचहा

खडूफळा, तुमचं सगळं मान्य करून पण स्नेपच्या बाजूने लिहितो.

मला त्याच्यात पूर्वग्रह कसा चढतो आणि कसा उतरतो हे दिसलं. आई जादूगार, बाप मगल, घरात भांडणं, गिरणीच्या वस्तीत घर, कपडे कुणाचे तरी मापात न बसणारे. म्हणजे जे लोक शुद्ध रक्त शुद्ध रक्त करतात त्यांच्या लेखी हा पण अर्धाच. आणि नेमका हाच त्यांच्यात जाऊन बसतो कारण तिथे त्याला कुणीतरी बस म्हणतं. मी हे जवळून पाहिलंय. आमच्या वस्तीतला एक मुलगा, माझ्याबरोबरचा, ज्यांनी त्याला कधी घरात घेतलं नसतं त्यांच्याच मोर्च्यात सगळ्यात पुढे असायचा, घोषणा पण त्याच्याच सगळ्यात मोठ्या. त्याला पहिल्यांदा कुणीतरी भाऊ म्हणालं होतं हो. बाकी काही नाही.

शाळेच्या पाचव्या वर्षातला स्नेप, झाडाखाली, हॅरीचा बाप जेम्स आणि त्याचा मित्र सिरियस यांनी उलटा टांगलेला, आणि त्याला सोडवायला येते लिली, हॅरीची आई, आणि तो तिलाच मगल घरातल्यांना देतात ती घाणेरडी शिवी देतो. त्याचा अपमान ज्यांनी केला त्यांना नाही देत, जिच्याकडून मदत घ्यावी लागतेय तिला देतो. शिवी अशीच खालच्या दिशेला जाते. लिली नंतर त्याला विचारते की माझ्यासारख्या बाकी सगळ्यांना तू तेच म्हणतोस, मग मी वेगळी का? त्याच्याकडे उत्तर नसतं. मला हा प्रश्न पूर्ण मालिकेतला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आता उतरणं. शेवटच्या पुस्तकात तो मुख्याध्यापक असताना भिंतीवरचं एक चित्र हर्मायनीबद्दल तोच शब्द वापरतं आणि स्नेप खेकसतो की तो शब्द उच्चारू नकोस. खोलीत ऐकायला जिवंत कुणी नाही, कुणाला दाखवायचं नाही. बदल म्हणतात तो मला तिथे दिसला.

खडूफळा

अर्धाचहा, चित्राचं लक्षात आणून दिलंत ते छान केलंत. तरीही मी नेव्हिलला सोडणार नाही :)

अबोली

मी चांगल्या बाजूचं लिहिते. प्रोफेसर ल्युपिन लांडगामानव आहेत कळल्यावर जखमी रॉन ओरडतो की माझ्यापासून लांब हो. वर्षभर ज्यांच्या तासाला सगळ्यात मजा आली तेच ल्युपिन! आणि पुढे वर्षअखेर ही बातमी फुटल्यावर ते स्वतःच राजीनामा देतात कारण पालकांची पत्रं येणार हे त्यांना माहीत असतं.

माझ्या आईला कोड आहे. लांबून कुणी वाईट बोललेलं आठवत नाही, पण नात्यातली लग्नकार्यं आली की आईला स्वयंपाकघराकडचं काम मिळायचं, फोटोच्या वेळी हाक यायची नाही, आणि हे करणारे आमचे लाडके मामा मामी आत्या, जे आम्हाला सुट्टीत घेऊन जायचे, आंबे पाठवायचे. रॉन नंतर बदलतो. आमच्यातल्या मामी पण बदलल्या खरं सांगायचं तर, आता आईचं डॉक्टरकडे जाणंयेणं त्याच बघतात. पण ल्युपिन फाटके कपडे घालतात कारण कुणी नोकरी देत नाही, हे त्यांच्यातल्या लांडग्याने नाही केलेलं, चांगल्या सभ्य लोकांनी केलंय.

सातपुडा

राक्षस वाईट का तर राक्षस म्हणून, असं धाग्यात लिहिलंय त्यावरून. रत्नाकर मतकरींचं अलबत्या गलबत्या मला माझ्या मुलांना दाखवायचं होतं, मुंबईत, तिकिटं काढली. चिंची चेटकीण आली की सगळं थिएटर डोक्यावर घेतात मुलं, दिलीप प्रभावळकरांनी ती भूमिका गाजवली हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. नाटक सुंदर आहे, त्याला मी नावं ठेवत नाही.

पण मी नंदुरबारकडचा. आमच्याकडे डाकीण म्हणजे गोष्टीतली बाई नसते. गावात तापाने मूल गेलं, बैल मेला की बोट कुणाकडे जातं तर एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे, बहुतेक वेळा तिच्या नावावर थोडी जमीन असते. माझ्या आजीच्या बहिणीला गाव सोडावं लागलं होतं. २०१३ ला महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यात कुणाला करणी करणारी ठरवून छळणं हा गुन्हा आहे. कायदा आहे, भीती पण आहे. माझी मुलं त्या दिवशी हसून हसून बेजार झाली आणि मला बरं वाटलं की त्यांच्यासाठी चेटकीण ही हसण्याची गोष्ट आहे. घरी आल्यावर त्यांना पणजीच्या घरातली गोष्ट सांगितली. दोन्ही त्यांना माहीत पाहिजे असं वाटलं.

माजघर

क्रीचर. कुणी लिहिलं नाही अजून म्हणून आश्चर्य वाटतंय.

सिरियसच्या ब्लॅक घराण्याचा म्हातारा हाऊस एल्फ, म्हणजे घरकाम करणारा जादूचा जीव, गुलामच, पगार नाही सुट्टी नाही, आणि तोंडात सतत मालकिणीच्या शिव्या, हर्मायनीला तर तो सगळ्यात वाईट बोलतो जी एकटी त्याच्याशी नीट वागते. ज्याला कुणी माणसात धरत नाही तो दुसऱ्याला रक्तावरून हिणवतो. सिरियस, आपला लाडका सिरियस, त्याला लाथाडतो, हाकलतो, आणि मग क्रीचर ज्या घरात त्याच्याशी दोन शब्द गोड बोलतात तिथे जाऊन बातमी देतो आणि सिरियस जीव गमावतो. शाळेचे मुख्याध्यापक डंबलडोर सांगतात की सिरियस त्याचा द्वेष करत नव्हता, त्याच्याकडे लक्ष द्यावं असं काही त्याच्यात आहे हेच त्याला वाटत नव्हतं.

आमच्या जुन्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा होता, खिडकीत उपडा घातलेला. कुणी त्यांच्याशी वाईट बोलत नसे, दिवाळीला साडी, आजारपणात पैसे, सगळं. माझा भाचा सहा सात वर्षांचा असताना त्याने सगळ्यांसमोर विचारलं, मावशींचा कप खिडकीत का? घरात इतकी माणसं, कुणाला तोंडच उघडता येईना. त्यानंतर तो कप हलला, कुणी हलवला मला माहीत नाही, चर्चा झाली नाही. मावशी मात्र पुढे कितीतरी दिवस चहा मागच्या पायरीवरच घ्यायच्या, आत बसा म्हटलं तरी.

म्हणून क्रीचर एकदम बदलतो ते मला थोडं भरकन वाटतं. हॅरी त्याला सिरियसच्या भावाचं, रेग्युलसचं, लॉकेट देतो, त्याची सगळी कहाणी ऐकून घेतो, आणि लगेच घर लख्ख, जेवण गरम. पण ऐकून घेण्याने झालं हे मात्र खरं. व्होल्डेमॉर्टने त्याला गुहेत मरायला सोडलं होतं आणि तो जिवंत परत आला, कारण रेग्युलसने त्याला घरी ये असं सांगितलं होतं आणि एल्फची जादू वेगळी असते. व्होल्डेमॉर्टला ते माहीतच नव्हतं. नोकरांना काय येतं हे त्याने कधी विचारलंच नसणार.

टेबलखुर्ची

अम्ब्रिज!! ती व्होल्डेमॉर्टच्या काळ्या झगेवाल्यांमधली नाही, साधी सरकारी बाई, गुलाबी कपडे, मांजरांच्या बशा. शेवटच्या पुस्तकात ती मगल घरातल्यांची चौकशी करायला बसते आणि एका बाईला विचारते ही छडी तू कुणाकडून घेतलीस. म्हणजे हे तुझं असूच शकत नाही. आणि स्वतःच्या गळ्यात लाच म्हणून घेतलेलं लॉकेट, त्यावरचं अक्षर दाखवून सांगते आमचं सेल्विन घराण्याशी नातं आहे! मी आयुष्यभर कागद हाताळले, खोटी वंशावळ आणि दुसऱ्याच्या खऱ्या कागदावर संशय, दोन्ही एकाच टेबलावर पाहिलंय. जास्त लिहीत नाही.

दूरदेशी

मी कॅनडात असते. मुलीला सी. एस. लुईसची नार्निया या जादूच्या देशाची पुस्तकं वाचून दाखवत होते आणि १९५४ चं घोड्याचं पुस्तक आलं, मग १९५६ चं शेवटचं. त्यात दक्षिणेला कॅलोर्मेन नावाचा देश, माणसं सावळी, पागोटी, दाढ्या, वाकड्या तलवारी, क्रूर देव, आणि नार्नियातले सगळे गोरे आणि स्वतंत्र. शेवटच्या पुस्तकात तर बुटके त्यांच्या रंगावरून जे म्हणतात ते मी मोठ्याने वाचू शकले नाही. मुलगी नऊची. तिने चित्र बघून विचारलं हे आजोबांसारखे दिसतात ते वाईट का. माझ्या सासऱ्यांचा फेट्यातला फोटो आहे आमच्या हॉलमध्ये.

मी पुस्तक बंद नाही केलं. कारण त्याच पुस्तकात एमेथ आहे, कॅलोर्मेनचा तरुण सैनिक, जो आयुष्यभर शत्रूच्या देवाला मनापासून मानतो आणि शेवटी नार्नियाचा देवच असलेला सिंह त्याला जवळ घेतो, म्हणतो तू जे खरेपणाने केलंस ते माझ्यापर्यंत आलं. आणि घोड्याच्या पुस्तकातली अराविस, शूर, हट्टी, ती पण तिथलीच. म्हणजे लेखकाला एकेकटा माणूस दिसत होता, अख्खा देश मात्र दिसला नाही. मुलीला मी हेच सांगितलं तिच्या भाषेत. ती म्हणाली एमेथची आई पण चांगली असेल ना मग, तिचं काय झालं? याचं उत्तर पुस्तकात नाही.

सीनाकाठ

दूरदेशी, तुमच्या मुलीचा प्रश्न आमच्या मुलांनी वेगळ्या तऱ्हेने विचारला होता म्हणून लिहितो.

मी पारधी मुलांच्या वसतिगृहात काम करतो, संध्याकाळी गोष्टी वाचून दाखवतो. तुम्हाला माहीत असेल, १८७१ ला इंग्रजांनी कायदा करून काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, पुढे तो आपल्याकडेही लागू झाला, हजेरी, सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट, सगळं. कायदा १९५२ ला रद्द झाला. पण गावात चोरी झाली की आमच्या मुलांच्या बापाला अजून पहिल्यांदा उचलतात. मूल शाळेत आलं की पेन हरवलं तर दप्तर कुणाचं तपासतात ते विचारू नका.

मी त्यांना हॉगवर्ट्सची, हॅरीच्या शाळेची, गोष्ट मराठीत सांगत सांगत शेवटाला आलो. लढाईच्या आधी स्लिदरिनची (शाळेतल्या चार घरांपैकी एक, ड्रेको आणि स्नेपचं) एक मुलगी ओरडते की हॅरीला धरा, आणि मॅकगोनागल बाई काय करतात, स्लिदरिनच्या सगळ्या टेबलालाच आधी बाहेर जायला सांगतात. मी पुढे जाणार तर एका मुलाने थांबवलं. म्हणाला, सर, ओरडली एक, बाहेर सगळे का? त्यात बारकी पोरं पण असतील ना, पहिल्या वर्षाची? बाकीची मुलं पण बोलायला लागली, कुणी म्हणे त्यांच्यातले दोघं तरी थांबले असतील लपून. दुसरा म्हणे थांबले असतील तर त्यांना कुणी लढू दिलं नसेल. गोष्ट त्या रात्री पुढे गेलीच नाही.

अकरा वर्षांचं पोर टोपीखाली बसतं आणि टोपी ठरवते तू शाळेतल्या कुठल्या घरातला, आणि ते आयुष्यभर. डंबलडोर एकदा स्नेपला म्हणतात की कधीकधी वाटतं आपण मुलांची वाटणी फार लवकर करतो. सगळ्यांना हे वाक्य थोर वाटतं. मला त्याचा त्रास होतो. कारण ते म्हणताना त्यांना सुचवायचं असतं की तू इतका धाडसी, तू त्या घरातला असायला नको होतास. म्हणजे घर वाईटच, हा एक चुकून तिथे पडला. शेवंतीताईंनी लिहिलेलं स्लगहॉर्नचं कौतुक आणि हे, मला दोन्ही एकच वाटतात. आमच्यातला एखादा मुलगा फौजदार झाला की सत्काराच्या भाषणात असंच बोलतात, की हा त्या समाजातला असूनही.

वसतिगृहातल्या दोन मुली सध्या त्या बाहेर काढलेल्या टेबलाची गोष्ट लिहितायत, वहीत. त्यांच्या गोष्टीत पहिल्या वर्षाचा एक मुलगा परत येतो आणि त्याला दारावर अडवतात. पुढे काय होतं त्यावर दोघींचं भांडण चालू आहे, एकीला त्याला आत घ्यायचंय आणि दुसरी म्हणते घेणार नाहीत, खोटं कशाला लिहायचं.